भाषेचें घर : अमेरिकेंतील कॉलेजांचे जर्मन विभाग

परकी भाषा शिकावयाची म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम काय उभें राहतें? व्याकरणाचें पुस्तक, शब्दांची वही आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं घोकलेलीं रूपें. पण भाषा एवढ्यानेंच येत असती तर आपली मराठीहि आपण पुस्तकांतूनच शिकलों असतों. वस्तुतः ती आपण शिकलों अंगणांत, जेवणाच्या पंगतींत, भोंडल्याच्या फेरांत, आजीच्या गोष्टींत आणि भावंडांशीं होणाऱ्या भांडणांत. भाषेला राहावयास घर लागतें. परक्या मुलखांत परक्या भाषेला असें घर कसें बांधून देतां येतें, तें कसें मोडतें आणि मोडलेलें पुनः कसें उभें राहतें, याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील कॉलेजांच्या जर्मन विभागांच्या इतिहासांत सांपडतें. त्या इतिहासाची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या इतिहासाच्या आरंभीं घर तर नव्हतेंच, पण पुस्तकेंहि नव्हतीं. इ. स. १८१४ च्या सुमारास बॉस्टन शहरांतील जॉर्ज टिकनॉर नांवाच्या एका तरुणास जर्मन शिकण्याची इच्छा झाली. मादाम द स्ताल या फ्रेंच विदुषीचा जर्मनीवरील ग्रंथ वाचून त्याचें मन त्या देशाच्या विद्यापीठांकडे ओढलें होतें. परंतु बॉस्टनसारख्या विद्यासंपन्न शहरांतहि त्याला साधनें मिळेनात. जें व्याकरण मिळालें तें फ्रेंच भाषेंत लिहिलेलें. कोश हवा म्हणून शेजारच्या न्यू हॅम्पशायर संस्थानापर्यंत शोध करावा लागला. वाचावयास पुस्तक नाहीं म्हणून जॉन क्विन्सी अॅडम्स यांच्या ठेवून दिलेल्या ग्रंथसंग्रहांतून गटे या कवीची एक कादंबरी त्यानें उसनी आणली. हेच अॅडम्स पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. इतक्या खटाटोपानें थोडीशी तयारी करून टिकनॉर व त्याचा मित्र एडवर्ड एव्हरेट हे १८१५ सालीं गॉटिंगेन येथील विश्वविद्यालयांत दाखल झाले. तेथील ग्रंथभांडार पाहून परतल्यावर आपल्या हार्वर्ड कॉलेजचा संग्रह टिकनॉरला केवळ कपाटभर पुस्तकांएवढा वाटूं लागला.

गॉटिंगेन हें नांव महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पंधरा वर्षें संस्कृत शिकविणारे प्रोफेसर कीलहॉर्न पुणें सोडल्यावर तेथेंच अध्यापक झाले, आणि आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस १८८५ सालीं डॉक्टर ही पदवी देऊन त्याच विश्वविद्यालयानें त्यांचा गौरव केला. बॉस्टनचा टिकनॉर आणि पुण्याचे भांडारकर यांची विद्येची वाट एकाच गांवावरून जावी, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

स्वदेशीं परतल्यावर टिकनॉर हार्वर्डमध्यें अर्वाचीन भाषांचे प्रोफेसर झाले. त्यांच्या काळांतच, १८२५ सालीं, तेथें जर्मन शिकविण्यास कार्ल फोलेन हा गृहस्थ आला. फोलेन हा हेस प्रांतांतील कायदेपंडित; राजकीय मतांमुळें मायदेशीं राहणें अशक्य झाल्यानें अमेरिकेच्या आश्रयास आलेला. त्याच्या पहिल्या वर्गांत स्वेच्छेनें आलेले अवघे आठ विद्यार्थी होते. पुस्तकांच्या दुकानांत जर्मन पुस्तक मिळत नव्हतें. छापखान्यांत जर्मन टंक नव्हते. तेव्हां फोलेननें स्वतःच वेंचे निवडले, ते रोमन अक्षरांत छापविले, आणि एकेक ताव छापून होईल तसतसा तो वर्गांत वांटला. वर्ग पुढें जाई तसतसें पुस्तकहि पुढें जाई. पुढील वर्षीं हेंच वेंच्यांचें पुस्तक म्हणून प्रसिद्ध झालें.

पण फोलेनची खरी कामगिरी वर्गाबाहेरची. जर्मन तरुणांत त्या काळीं व्यायामाची जी नवी चळवळ सुरू झाली होती ती त्यानें सोबत आणली आणि १८२६ सालीं हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठीं आखाडा उभारला. जर्मन क्रियापदांचीं रूपें चुकणारा विद्यार्थी सायंकाळीं त्याच गुरुजींबरोबर दांडीवर लोंबकळत असे. त्याच्या घरच्या नाताळाची हकीकत तर प्रसिद्धच आहे. १८३५ सालीं हॅरिएट मार्टिनो नांवाच्या इंग्रज लेखिकेनें त्याच्या घरीं, त्याच्या लहान मुलासाठीं सजविलेलें झाड पाहिलें. झाडावर मेणबत्त्या, खाऊनें भरलेले कागदाचे द्रोण आणि खेळणीं टांगलेलीं. एखादी ज्योत भलतीकडे लागलीच तर विझवावी म्हणून काठीच्या टोंकाला ओला स्पंज बांधून ठेवलेला! तिनें हें वर्णन छापल्यावर न्यू इंग्लंडमध्यें नाताळच्या झाडाची चाल पसरण्यास मोठी मदत झाली. अमेरिकेंतील पहिलें झाड तेंच, असें कित्येक सांगतात. परंतु पेन्सिल्व्हेनियांतील जर्मन वस्त्यांत ही चाल त्यापूर्वींचीच आहे. तरीहि एका भाषाशिक्षकाच्या दिवाणखान्यांतून एक सण शेजाऱ्यांच्या घरीं गेला, ही गोष्ट खरी.

याच फोलेनची नोकरी १८३५ सालीं संपली. गुलामगिरीविरुद्ध तो उघडपणें बोलूं लिहूं लागला, म्हणूनच त्याच्या नेमणुकीची मुदत वाढविली गेली नाहीं असें सामान्यतः मानलें जातें. १८४० च्या जानेवारींत लेक्सिंग्टन नांवाच्या आगबोटीस आग लागून झालेल्या अपघातांत त्याचा अंत झाला. अमेरिकेंतील जर्मन शिक्षणाचा हा आद्य गुरु आपल्याबरोबर शब्द आणि चालीरीति यांच्याखेरीज सत्यासाठीं किंमत देण्याची तयारीहि घेऊन आला होता. हें ध्यानांत ठेवावें, कारण पुढें या विभागांची परीक्षा नेमकी याच विषयांत झाली.

आतां या विभागांभोंवतालचें जीवन कसें असतें तें पाहूं. बहुतेक कॉलेजांत जर्मन विद्यार्थ्यांचें एक मंडळ असतें. आठवड्यांतून एकदां ठरलेल्या वेळीं कॉफीची बैठक भरते. तिला 'काफेश्टुंड' म्हणजे कॉफीची घटका म्हणतात. भोजनगृहांत एक मेज राखून ठेवलेलें असतें. जर्मनीच्या खाणावळींत नेहमींच्या मंडळींसाठीं जें मेज राखलेलें असतें त्याला 'श्टामटिश' असें नांव आहे; तेंच नांव येथेंहि चालतें. नियम एकच : या मेजावर बसणारानें जर्मनच बोलावें. मीठ हवें असेल तर तें जर्मन भाषेंतच मागावें, न पेक्षां अळणी खावें. वर्गांत चुकलेल्या वाक्याला गुण कमी मिळतात. येथें चुकलेल्या वाक्यालाहि मीठ मिळतें. शिकणाराची भीति मोडते ती अशा ठिकाणीं.

या मेजावर व्याकरणाचे असे कांहीं भाग उलगडतात कीं जे फळ्यावर उलगडत नाहींत. जर्मन भाषेंत दुसऱ्या पुरुषाचीं दोन सर्वनामें आहेत. 'डू' म्हणजे आपलें 'तूं', आणि 'झी' म्हणजे आपलें 'तुम्ही' किंवा 'आपण'. इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याला एका 'यू' या शब्दाची संवय. कोणास काय म्हणावें हें त्याला कितीहि नियम सांगितले तरी उमजत नाहीं. मेजावर प्रोफेसरांस 'झी' आणि शेजारच्या मित्रास 'डू' म्हणतां म्हणतां त्याला त्यांतील आदर व जवळीक कळूं लागते. मराठी विद्यार्थ्याला मात्र हें शिकवावें लागत नाहीं. ईश्वराला जर्मन मनुष्यहि आपल्यासारखेंच 'तूं' म्हणतो, हें ऐकून तर त्याला ती भाषा घरचीच वाटेल. तीच गोष्ट लिंगांची. इंग्रजीला जें जड जातें तें तीन लिंगांचें ओझें मराठी आणि जर्मन दोघीहि सहज वाहतात. फरक इतकाच कीं, जर्मन भाषेंत सूर्य ही स्त्री आहे आणि चंद्र हा पुरुष. आणि लहान मुलगी चक्क नपुंसकलिंगी! पण जो 'तें पोर' म्हणतो त्या मराठी माणसानें याला कां हंसावें?

मेजानंतर येतात सण. नोव्हेंबरच्या ११ तारखेस सेंट मार्टिनच्या दिवशीं कागदी कंदील घेऊन मिरवणूक निघते. डिसेंबरच्या आरंभीं आगमनकाळाच्या हिरव्या वेलीवर चार मेणबत्त्या बसवितात व दर रविवारीं एकेक अधिक पेटवितात. ६ डिसेंबरला सेंट निकोलसचा दिवस. आदल्या रात्रीं दाराशीं ठेवलेल्या बुटांत सकाळीं खाऊ सांपडतो. नाताळांत गायनमंडळ जर्मन गीतें गातें. १८१८ सालीं ऑस्ट्रियांतील ओबेर्नडोर्फ या खेड्यांत प्रथम गाइलें गेलेलें शांत रात्रीचें गीत आज कितीतरी भाषांतून गाइलें जातें, पण तें मूळच्या शब्दांत म्हणतांना विद्यार्थ्याची जीभ जी वळते ती उच्चाराच्या दहा धड्यांनीं वळत नाहीं. नाटकाचेंहि तसेंच. ज्यानें शाळेच्या संमेलनांत एकदां तरी काम केलें आहे त्याला ठाऊक आहे कीं, धडे विसरतात पण भाषणें विसरत नाहींत. कारण नाटकांतलें वाक्य कोणाला तरी उद्देशून, रागानें किंवा मायेनें, हातवारे करीत म्हटलेलें असतें. त्याला मनांत जागा मिळालेली असते. म्हणूनच बहुतेक जर्मन विभाग विद्यार्थ्यांकडून नाटकें बसवून घेतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या सर्वाला भरती आली. १८२० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पन्नास लाखांहून अधिक जर्मन लोक अमेरिकेंत येऊन स्थायिक झाले. त्यांच्या शाळा, वृत्तपत्रें, गायनमंडळें व व्यायामशाळा गांवोगांवीं होत्या. विज्ञान व तत्त्वज्ञान शिकावयाचें तर जर्मन हवीच, अशी विद्वानांची समजूत होती. हार्वर्डचे प्रोफेसर कूनो फ्रांके यांच्या खटपटीनें १९०३ सालीं तेथें जर्मन संग्रहालय उघडलें. बादशहा दुसरा विल्हेल्म यानें त्यास जर्मनीच्या मध्ययुगीन शिल्पांचे प्लास्टरचे ठसे भेट दिले. फ्रायबेर्गच्या देवळाचा सोनेरी दरवाजा आणि नाउम्बुर्गच्या देवळांतील मूर्ति जशाच्या तशा अमेरिकन विद्यार्थ्यांपुढें उभ्या राहिल्या. १९०९ च्या २२ जूनला हार्वर्डच्या क्रीडांगणावर शिलरच्या जोन ऑफ आर्कवरील नाटकाचा इंग्रजी प्रयोग हजारों प्रेक्षकांपुढें झाला. प्रसिद्ध नटी मॉड अॅडम्स हिनें नायिकेचें काम केलें आणि उत्पन्न संग्रहालयास दिलें. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विश्वविद्यालयांत १९११ सालीं 'डॉइचेस हाउस' म्हणजे जर्मन घर या नांवाची वास्तु स्थापन झाली. १९१५ सालीं व्हर्माँट संस्थानांतील मिडलबरी कॉलेजांत व्हॅसर कॉलेजच्या प्राध्यापिका लिलियन श्ट्रोबे यांनीं उन्हाळी जर्मन शाळा उघडली. विद्यार्थ्यांनीं तेथें राहावें, जेवावें, फिरावें आणि त्या मुदतींत फक्त जर्मनच बोलावें, हें तिचें तत्त्व. मिडलबरींत आतां अनेक भाषांच्या अशा शाळा चालतात, आणि ती एका भाषेची शपथ आजहि विद्यार्थ्यांस घ्यावी लागते.

मिडलबरीची ही शाळा सुरू झाली तेव्हां युरोपांत युद्ध पेटून वर्ष होत आलें होतें. १९१७ च्या एप्रिलांत अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली, आणि जें घर बांधावयास शंभर वर्षें लागलीं तें पडावयास शंभर आठवडेहि लागले नाहींत. शत्रूच्या सैन्यावरील राग शत्रूच्या भाषेवर उतरला. कोबीच्या आंबवलेल्या भाजीचें जर्मन नांव बदलून तिला 'स्वातंत्र्याची कोबी' म्हणूं लागले, येथवर हंसण्यासारखें होतें. पण पुढें पुस्तकें जळूं लागलीं. १९१८ सालीं विस्कॉन्सिनमधील बॅराबू गांवीं हायस्कुलाचीं जर्मन पाठ्यपुस्तकें रस्त्यावर जाळण्यांत आलीं. १९१५ सालीं अमेरिकन सार्वजनिक हायस्कुलांतील शेंकडा सुमारें २४ विद्यार्थी जर्मन शिकत होते. १९२२ सालीं हें प्रमाण शेंकडा एकाच्याहि खालीं गेलें. हायस्कुलें आटल्यावर कॉलेजांस विद्यार्थी कोठून मिळणार? मंडळें थंडावलीं, मिडलबरीची जर्मन शाळा बंद पडली. हार्वर्डच्या संग्रहालयासाठीं अडॉल्फस बुश या मूळच्या जर्मन व्यापाऱ्याच्या देणगींतून नवी इमारत बांधली होती. ती १९१७ सालीं पुरी झाली, पण दारें उघडलीं १९२१ सालीं. मध्यंतरीं ती बंद ठेवण्याचें कारण कोळशाची टंचाई, असें जाहीर करण्यांत आलें होतें.

युद्ध संपल्यावरहि राग ओसरला नाहीं. १९१९ सालीं नेब्रास्का संस्थानानें कायदा केला कीं, आठवी इयत्ता पुरी होण्यापूर्वीं कोणत्याहि मुलास परकी भाषा शिकवूं नये. रॉबर्ट मेयर हे एका ख्रिस्ती शाळेंतील शिक्षक. २५ मे १९२० रोजीं ते एका दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलांतील गोष्ट जर्मन भाषेंत वाचून घेत होते. इतक्यांत सरकारी वकील दारांत येऊन उभा राहिला. त्या क्षणीं मेयर इंग्रजीकडे वळते, तर कांहींच झालें नसतें. हें त्यांस पुरतेपणीं ठाऊक होतें. त्यांनीं जर्मन पाठ तसाच पुढें चालविला. त्यांना २५ डॉलर दंड झाला. मेयरांनीं तो दंड निमूटपणें भरून प्रकरण मिटविलें नाहीं, तर वरच्या न्यायालयाकडे दाद मागितली. नेब्रास्काच्या न्यायालयानें शिक्षा कायम केली. परंतु ४ जून १९२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं ती रद्द ठरविली. शिक्षकास शिकविण्याचा आणि आईबापांस आपल्या मुलाच्या शिक्षणाचा हक्क आहे, तो शांततेच्या काळांत अशा कारणानें काढून घेतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. एका खेड्यांतील शिक्षकानें पाठ मध्येंच थांबविला नाहीं, म्हणून साऱ्या देशांतील शिक्षकांस हा हक्क लाभला.

यानंतर घर पुनः बांधावयास सुरुवात झाली, पण फार हळू. १९२९ सालीं दक्षिण कॅरोलायनांतील वॉफर्ड या लहानशा कॉलेजांत जर्मन विद्यार्थ्यांच्या मंडळांतून 'डेल्टा फी अल्फा' ही संस्था निघाली आणि पुढें देशभर पसरली. जर्मन अभ्यासांत चमकणाऱ्या विद्यार्थ्यांचा ती आजहि गौरव करते. १९३१ सालीं मिडलबरीची जर्मन शाळा जवळच्या ब्रिस्टल गांवीं पुनः सुरू झाली. लोकांस वाटलें, आतां निभावलें.

पण १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली, आणि या विभागांपुढें पहिल्यापेक्षांहि कठीण प्रसंग उभा राहिला. पहिल्या वेळीं दोष बाहेरच्या जमावाचा होता. भाषा शिकविणारे निरपराध होते. या वेळीं प्रश्न त्यांच्याच विवेकाचा होता. जर्मन संस्कृतीवर प्रेम करणें म्हणजे जर्मन सरकारची तळी उचलणें काय? दुर्दैवानें कित्येकांस हा भेद कळला नाहीं, किंवा कळून वळला नाहीं. कांहीं विभागांनीं नाझी सरकारच्या प्रतिनिधींस मानानें बोलावलें. न्यू जर्सीमधील एका स्त्रियांच्या कॉलेजांत जर्मन विभागाचा प्रमुख नाझी राजवटीचा पुरस्कर्ता होता. तिचा विरोध करणाऱ्या एका तरुण अध्यापकाची नोकरी १९३५ सालीं गेली. कॉलेजनें चौकशी केली ती प्रमुखास निर्दोष ठरवून संपली, आणि १९४० सालीं तोच प्रमुख अमेरिका सोडून जर्मनीस निघून गेला. घर म्हटलें म्हणजे त्याच्या दारांतून कोणास आंत घ्यावयाचें हेंहि ठरवावें लागतें.

उलट बाजूस उजेडहि होता. नोबेल पारितोषिक मिळविणारा कादंबरीकार टोमास मान देशोधडीस लागून अमेरिकेंत आला आणि १९३८ पासून दोन वर्षें प्रिन्स्टन विश्वविद्यालयांत व्याख्याता होता. हार्वर्डच्या संग्रहालयाची कथा तर अधिकच विलक्षण. बादशहाच्या भेटींनीं सुरू झालेलें तें संग्रहालय आतां हिटलरनें हांकलून दिलेल्या कलेचें आश्रयस्थान झालें. चित्रकार माक्स बेकमान याचें १९२७ सालचें आत्मचित्र नाझींनीं 'अधःपतित कला' म्हणून बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहांतून काढून टाकलें होतें. तें हार्वर्डनें १९४१ सालीं विकत घेतलें. आणि १९४२ पासून, ऐन युद्धांत, दर रविवारीं सकाळीं ई. पॉवर बिग्ज हा इंग्लंडांत जन्मलेला वादक त्याच वास्तूंतून ऑर्गन वाजवूं लागला. बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना तेथून आकाशवाणीवरून साऱ्या अमेरिकेंत ऐकूं जात. ज्या घराचीं दारें पहिल्या युद्धांत कोळशाच्या नांवानें बंद होतीं, त्याच घरांतून दुसऱ्या युद्धांत संगीत बाहेर येत होतें. एका राष्ट्राचा विवेक वीस पंचवीस वर्षांत किती वाढूं शकतो, याची ही खूण समजावी.

युद्धोत्तर काळांत या विभागांस नवे आधार मिळाले. माक्स काडे हा खोकल्याच्या औषधावर धन मिळविलेला जर्मन-अमेरिकन कारखानदार. त्यानें १९४४ सालीं एक निधि स्थापिला. त्याच्या साहाय्यानें अनेक विश्वविद्यालयांत जर्मन विद्यार्थिगृहें उभीं राहिलीं. ओहायोंतील ओबर्लिन कॉलेज १९६८ पासून जर्मन लेखकांस कांहीं काळ आपल्या येथें राहावयास बोलावूं लागलें. १९७४ सालीं तेथें क्रिस्टा वोल्फ ही लेखिका आली. त्या वेळीं जर्मनीचे दोन तुकडे झालेले होते आणि ती पूर्वेकडच्या साम्यवादी जर्मनीची. ज्या राज्याशीं अमेरिकेचें वैर, त्या राज्याची लेखिका ओहायोच्या विद्यार्थ्यांच्या मेजावर बसून बोलत होती! १९१७ सालीं कोणी याची कल्पनाहि केली नसती.

मग आतां सर्व सुरळीत आहे काय? तसें नाहीं. भाषा शिकणाऱ्यांची संख्या अमेरिकन कॉलेजांत घटत आहे, आणि आजचें संकट जमावाकडून न येतां जमाखर्चाच्या वहींतून येतें. २०२३ सालीं वेस्ट व्हर्जिनिया विश्वविद्यालयानें खर्च कमी करण्यासाठीं परकी भाषांचे पदवी-अभ्यासक्रम बंद करण्याचें ठरविलें. पुस्तकें जळतात तेव्हां निदान धूर दिसतो. विभाग बंद होतो तेव्हां फक्त एक खोली रिकामी होते. हिशेब ठेवणारास विद्यार्थ्यांची संख्या दिसते. पण ज्या मेजावर एखाद्या लाजऱ्या मुलानें परक्या भाषेंत पहिल्यानें विनोद केला, तें मेज कोणत्याहि वहींत मांडलेलें नसतें.

या सर्वांतून आपण विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? जर्मन शिकावयाची तर पुण्या-मुंबईकडे माक्स म्यूलर भवनासारख्या संस्था आहेत. ज्यांस शक्य आहे त्यांनीं त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. पण घर बांधावयास जर्मनच हवी असें नाहीं. आपल्याच शाळेंत कोंकणी, कानडी, गुजराथी, तेलुगु बोलणारीं मुलें आपल्या शेजारच्या बांकावर बसतात. आठवड्यांतून एक दिवस मधल्या सुटींत एक बांक राखून ठेवावा, आणि त्यावर बसणारानें शेजाऱ्याच्या भाषेंतच पाणी मागावें. आरंभीं चुका होतील, हंसें होईल. फोलेनच्या वर्गांतहि आठच विद्यार्थी होते, आणि पुस्तकाचा पुढचा ताव छापून यावयाचा होता.